कर्णाचे वकील आणि कौतिकची जीभ

सहा वर्षांच्या अंतराने मराठीत कर्णावर दोन गाजलेल्या कादंबऱ्या आल्या. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ साली. दोन्ही अजून खपतात, दोन्ही वाचून डोळे पुसणारे वाचक अजून भेटतात. कादंबरीकाराचा पात्रावर जीव जडला की काय होतं, हे पाहायला मराठीत याहून सोयीची जागा नाही. ती माया कादंबरीच्या मुळावर कुठे येते, तेही इथेच कळतं.

‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतः बोलतो. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात आणि शेवटी खुद्द श्रीकृष्णही. एवढे साक्षीदार, पण उलटतपासणी कुणीच घेत नाही. द्यूतसभेत कर्णाच्या तोंडून द्रौपदीबद्दल जे निघतं, ते त्याच्या चरित्रातलं सगळ्यात अडचणीचं पान आहे. कादंबरीने मात्र तोवर त्याच्या अपमानांची यादी इतकी लांबवलेली असते, की वाचकाला राग येण्याआधीच सबब हाती पडते. लेखक कर्णाचं वकीलपत्र घेऊन उभा आहे. वकिलाची भाषा ओघवती आहे, अशील देखणा आहे, आणि निकाल पहिल्या प्रकरणातच लागलेला आहे.

खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) याची दुसरी बाजू सापडते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात. लेखकाचा सगळा आदर मात्र कचाच्या वाट्याला आला आहे. परिणाम असा, की कच जेव्हा जेव्हा येतो तेव्हा प्रवचनाचा सूर लागतो. आणि ज्याची कानउघाडणी करायची म्हणून खांडेकर बसले होते, तो भोगासक्त ययाति मात्र पानोपानी जिवंत राहतो. आपल्या कोणत्या पात्रात रक्त आहे, हे लेखकाला नेहमी आधी कळतंच असं नाही.

ही गुंतवणूक खरी असते, यात शंका नाही. एम्मा बोव्हारीच्या विषप्राशनाचा प्रसंग लिहिताना आपल्याच तोंडात आर्सेनिकची चव आली आणि जेवण उलटून पडलं, असं फ्लोबेरने एका पत्रात कळवलं आहे. अँथनी ट्रोलोपची तऱ्हा वेगळी. लंडनच्या अथेनियम क्लबात दोन पाद्री त्याच त्या पात्रांना कंटाळल्याची तक्रार करताना त्याने ऐकले, आणि ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बारसेट’मध्ये (१८६७) मिसेस प्राउडी या आपल्या लाडक्या कजाग बाईला मारून टाकलं. पुढे आत्मचरित्रात त्याने तिची हळहळ व्यक्त केली. तरी फ्लोबेरने ओकारी येऊनही एम्माला वाचवलं नाही. तिचा मूर्खपणा, तिची कर्जं, तिची खोटी स्वप्नं, यातलं काहीही त्याने झाकलं नाही.

मराठीत हे धैर्य जुनं आहे. हरी नारायण आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आपल्या ‘करमणूक’मधून १८९० पासून क्रमशः छापली. ती सगळी यमूच्या तोंडून आहे. सुधारकी मताचा पुरुष एका मुलीच्या आवाजात लिहितो, आणि तिला आपली मतं बोलू न देण्याची शिस्त बहुतेक वेळ पाळतो. विधवा यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं, तेव्हा व्याख्यानाची गरजच उरत नाही.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली (१९६०) कौतिक तर लेखकाच्या मायेची कसोटीच आहे. शिंप्याच्या घरातली ही वऱ्हाडी बाई कष्टाळू आहे, मानी आहे, पण गरीब गाय नाही. नवऱ्याच्या नाकर्तेपणावर तिची जीभ सपासप चालते. त्या जिभेची झळ घरालाही बसते. शेळक्यांनी तिला सोज्ज्वळ केलं असतं तर वाचकाला तिची कीव आली असती. ते तसं करत नाहीत, म्हणून वाचक तिच्याशी मनातल्या मनात भांडतो आणि तिच्या हालांनी हलतोही.

‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर जवळजवळ प्रत्येक गोष्टीची टर उडवतो, स्वतःचीही. मग धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते आणि त्या गद्याची चालच मोडते. वाक्यं संतापाने एकमेकांवर आदळतात, दुःखाचं प्रदर्शन कुठेच नाही. पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी आधीची शंभरावर पानं भावनेला दाराबाहेर उभं केलं होतं, त्याचं फळ इथे मिळतं.

काही पात्रं एका पुस्तकात संपत नाहीत. नेमाड्यांचा चांगदेव पाटील १९७५ ते १९७९ दरम्यान ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ अशा चार कादंबऱ्यांतून गावोगावच्या नोकऱ्या करत हिंडला. श्री. ना. पेंडशांनी १९५२ च्या ‘गारंबीचा बापू’नंतर कितीतरी वर्षांनी ‘गारंबीची राधा’ लिहिली. ‘सात सक्कं त्रेचाळीस’वाल्या किरण नगरकरांचे मुंबईच्या चाळीतले रावण आणि एडी इंग्रजीत अवतरले १९९५ साली, ‘द एक्स्ट्राज’मध्ये ते परतले २०१२ साली आणि ‘रेस्ट इन पीस’मध्ये २०१५ साली. परत जाण्याची ही ओढ वाचकाच्या हट्टापेक्षा लेखकाच्या स्वतःच्या गरजेची जास्त दिसते.

आजच्या मराठी कादंबरीचं दुखणं मात्र अतिप्रेमाचं नाही. आता पात्रावर प्रश्न स्वार होतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ हा शिकलेला बेकार शेतकरी घरातल्या ताणात, बायकोशी असलेल्या दुराव्यात अस्सल उतरतो, पण शेतीच्या दुरवस्थेचा तपशील वाढला की तोच प्रवक्ता होतो. नंदा खऱ्यांची ‘उद्या’ (२०१४) हे जाणूनबुजून करते. तिथे विचारच नायक आहे, आणि तो करार लेखक वाचकापासून लपवत नाही. करार न सांगता तेच करणारी पुस्तकं अधिक आहेत. अभ्यास दांडगा, बोली चोख, आणि माणूस शेतकरी, विस्थापित, बेरोजगार अशा एखाद्या रकान्यात बसवलेला.

कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विस्थापनाची कादंबरी म्हणून तिची ओळख करून दिली जाते आणि ती चुकीचीही नाही. पण पुस्तक पेलून धरलं आहे ते धरणामुळे उठलेल्या गावाकडे, मागे राहिलेल्या म्हशीसाठी परत जाणाऱ्या देवाप्पाने. ती म्हैस आता रानटी झाली आहे. खोत देवाप्पाच्या मायेला तिच्या शिंगांसमोर उभं करतात आणि मध्ये पडत नाहीत. विस्थापनाच्या प्रश्नाला त्याने काही कमीपणा आलेला नाही.