गुण आणि गुणांक : 'अल्टिमा ४' मधील शोधयात्रा व खेळाडूची प्रेरणा

वीरकथा आणि भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम यांचे नाते वरवर पाहता सरळ वाटते. घर सोडून निघालेला नायक, वाटेतील संकटे, दुर्लभ वस्तूची प्राप्ती आणि अखेरचे परतणे हा जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली 'द हिरो विथ अ थाउजंड फेसेस' या ग्रंथात मांडलेला आराखडा या खेळांना सहज लागू पडतो. परंतु या आराखड्याने खेळाडू तासन् तास का खेळत राहतो, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते उत्तर बव्हंशी हिशेबात दडलेले आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलावर खेळावयाचा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. राक्षस मारल्याबद्दल आणि खजिना मिळविल्याबद्दल त्यात अनुभवाचे गुण मिळत व ते साठले की पात्राची पातळी वाढे. संगणकीय खेळांनी ही पद्धत जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. परिणामी नायकाचा हेतू एक आणि खेळाडूचा हेतू दुसरा, अशी फारकत निर्माण झाली. नायक राज्य वाचवावयास निघालेला असतो. खेळाडूचे लक्ष पुढील पातळीवर खिळलेले असते. राज्यावर अरिष्ट कोसळलेले असतानाही हा नायक रानोमाळ हिंडून किरकोळ प्राणी मारीत बसतो, ते याच कारणाने.

ही फारकत मिटविण्याचा पहिला विचारपूर्वक प्रयत्न म्हणून 'अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार' या खेळाकडे पाहावे लागते. रिचर्ड गॅरियट यांनी रचलेला आणि ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने १९८५ मध्ये प्रकाशित केलेला हा खेळ. मालिकेच्या आधीच्या भागांत दुष्टाचा नाश करावयास निघालेला खेळाडू वाटेत बिनदिक्कत चोऱ्या करी आणि त्या त्याला फायदेशीरही ठरत. खेळाडूंच्या पत्रांतून ही विसंगती गॅरियट यांच्या ध्यानात आली. चौथ्या भागात त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला : शेवटी मारावयाचा खलनायकच ठेवला नाही. सत्यनिष्ठा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्मवृत्ती आणि विनम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' होणे, एवढेच या शोधयात्रेचे साध्य.

खेळाचा आरंभ विशेष लक्षणीय आहे. पात्राची ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे फासे टाकून ठरविण्याऐवजी एक भविष्य सांगणारी जिप्सी स्त्री पत्ते मांडते आणि सात पेच समोर ठेवते. प्रत्येक पेचात दोन सद्गुणांपैकी एकाची निवड करावयाची असते. विश्वासाने सोपविलेली, न मोजलेली नाण्यांची थैली पोहोचती करावयाची आहे आणि वाटेत भिकारी भेटला आहे. थैली तशीच न्यावी की त्यातले एक नाणे त्याच्या हातावर ठेवावे? दोन्ही उत्तरे चांगली आहेत आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. जो सद्गुण शेवटपर्यंत टिकतो त्यावरून पात्राचा पेशा ठरतो. शौर्य निवडणारा योद्धा होतो, करुणा निवडणारा भाट. विनम्रतेला सर्वांत वर ठेवणाऱ्याच्या वाट्याला मेंढपाळाचा पेशा येतो आणि लढाईत मेंढपाळ सर्वांत दुबळा असतो. विनम्रतेची किंमत खेळ सुरू होण्याआधीच वसूल करणारी ही योजना गॅरियट यांच्या कल्पकतेचा उत्तम नमुना म्हणावी लागेल. नायकत्व येथे बक्षीस म्हणून येत नाही. ते अडचण म्हणून येते.

दुसरे उदाहरण अंध विक्रेतीचे. जादूसाठी लागणाऱ्या वनस्पती विकणारी ही स्त्री किंमत सांगते आणि खेळाडूने किती नाणी दिली, हे खेळाडूलाच सांगावयास लावते. कमी दिले तरी ती मुकाट्याने माल देते. पडद्यावर शिक्षा होत नाही, पहारेकरी धावून येत नाहीत, नुकसानीचा आकडाही दिसत नाही. मात्र आतल्या आत सत्यनिष्ठेची नोंद घसरते. त्या क्षणी खेळाडूला रोखणारे बाहेरचे काहीही नसते. संपूर्ण खेळात प्रेरणेचा प्रश्न इतक्या स्वच्छपणे अन्यत्र मांडला गेलेला नाही.

तथापि याच ठिकाणी खेळाची मर्यादाही उघड होते. घसरण दिसत नसली तरी नोंद होतेच. मराठीत 'गुण' हा शब्द सद्गुणालाही चालतो आणि परीक्षेतील गुणांनाही; 'अल्टिमा ४' ची सारी अडचण या एका शब्दाच्या दोन अर्थांत मावते. भिकाऱ्याला एक नाणे दिले की करुणा वाढते. उपचारगृहात रक्तदान केले की त्याग वाढतो. दुष्ट शत्रूसमोरून पळ काढला की शौर्य उणावते. राजवाड्यातील हॉकविंड नावाचा द्रष्टा प्रत्येक सद्गुणात कितपत प्रगती झाली हे सांगत असतो. पुरेशी झाली की त्या सद्गुणाच्या देवस्थानी जाऊन ठरावीक मंत्राचे ध्यान करावयाचे. हा हिशेब एकदा उमगला की खेळाडू भिकाऱ्याच्या शोधात निघतो, तो भिकाऱ्याच्या गरजेपोटी नव्हे. (अध्यापकवर्गाला ही अवस्था अपरिचित नसावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीतील एपीआय गुणपद्धतीने चर्चासत्रांना जी गर्दी जमविली, तिच्यामागे निव्वळ ज्ञानलालसा होती असे कोणी म्हणणार नाही.)

एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोडी सोडविण्याबद्दल विद्यार्थ्यांना पैसे दिले. पैसे बंद होताच त्यांचा त्या कोड्यांतील रस आधीपेक्षा कमी झालेला आढळला. बाह्य मोबदला आंतरिक ओढ क्षीण करू शकतो, हे या प्रयोगांचे तात्पर्य. त्या दृष्टीने पाहता गॅरियट यांनी राक्षसांच्या जागी सद्गुण आणले, पण मोजण्याचे यंत्र तेच ठेवले. फलाची अपेक्षा न धरता केलेले कर्म ही कल्पना ज्या वाचकाच्या परिचयाची आहे, त्याला येथे काहीतरी निसटल्याची जाणीव होते. 'अवतार' हा संस्कृत शब्द खेळाने घेतला खरा, पण त्याची दिशा उलटी केली. अवतार म्हणजे खाली उतरणे. ईश्वर मनुष्यलोकी येतो. येथे मनुष्य पायरी पायरीने वर चढतो. पायऱ्या म्हटल्या की त्या मोजल्या जाणारच.

रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये बहुखेळाडू खेळांतील लोकांचे चार वर्ग केले : मिळविणारे, धुंडाळणारे, मिसळणारे आणि मारणारे. वर्गीकरण उपयुक्त आहे, पण विक्रेतीला पुरते पैसे मोजणारा खेळाडू यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. त्याला काही मिळत नाही, काही नवे सापडत नाही आणि समोरची स्त्री हा केवळ एक संगणकीय आदेशसंच आहे, हेही त्याला ठाऊक असते.

स्वतःच्या रचनेतील धोका गॅरियट यांनी ओळखला होता, असे 'अल्टिमा ५' (१९८८) वरून दिसते. या भागात राजा बेपत्ता आहे आणि त्याच्या जागी राज्य करणारा ब्लॅकथॉर्न हेच आठ सद्गुण कायद्याने लादतो. खोटे बोलणाऱ्याची जीभ जावी, उत्पन्नाचा अर्धा वाटा दान न करणाऱ्याचे सारे उत्पन्न जावे, असे त्याचे नियम आहेत. चौथ्या भागातील अदृश्य नोंदवहीच जणू येथे राजदंड घेऊन उभी राहते. पुढे २०१५ मध्ये टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल' ने दुसरा मार्ग धरला. त्यात प्रत्येक शत्रूला न मारता पुढे जाता येते आणि पातळी वाढविणारा आकडा हा वस्तुतः हिंसेचा आकडा होता, हे खेळाडूला अखेरीस कळते. मोजमाप न टाकता त्याचाच अर्थ फिरविण्याची ही युक्ती गॅरियट यांच्या आदर्शवादापेक्षा अधिक प्रभावी ठरते, हे मान्य करावे लागते.

'अल्टिमा ४' चा शेवट या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. गर्वोक्ती केल्यास विनम्रता उणावणाऱ्या या खेळात नायक सात साथीदारांच्या पूर्ण चमूसह पाताळात उतरतो, देवस्थानी मिळालेल्या आठ अक्षरांतून 'अनंत' या अर्थाचा शब्द उच्चारतो, परमज्ञानाच्या ग्रंथाचे दर्शन घेतो आणि आपल्या जगात परततो. त्यानंतर पडद्यावर त्याला किती चाली लागल्या तो आकडा उमटतो आणि हा पराक्रम कंपनीला कळवावा, अशी सूचना येते.