हौशी अनुवाद : एका पोलिश कादंबरीमालेच्या निमित्ताने

हौशी नाट्यसंस्था आपल्या परिचयाच्या आहेत. हौशी अनुवादकाकडे मात्र आपल्या समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. मानधन नाही, प्रकाशक नाही, मूळ लेखकाची परवानगीही नाही, आणि तरी कोणी एक आख्खी कादंबरी रात्री जागून दुसऱ्या भाषेत उतरवतो. आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या ‘विचर’ मालेच्या बाबतीत हे इंग्रजीत घडले.

आमच्या शाळेतली मुले ‘विचर’ म्हणजे संगणकावरचा खेळ समजतात आणि कादंबऱ्या त्यावर बेतल्या असाव्यात असे धरून चालतात. क्रम उलटा आहे. राक्षस मारून पोट भरणाऱ्या गेराल्टची पहिली कथा १९८६ साली ‘फान्तास्तिका’ या पोलिश मासिकात आली. पाच कादंबऱ्या १९९४ ते १९९९ या काळात निघाल्या. खेळ आला २००७ साली. पुढे परदेशी प्रकाशकांनी मुखपृष्ठांवर खेळातली चित्रे छापली आणि गैरसमज पक्का केला. लेखक त्यावर चिडला, ते योग्यच होते.

खेळ जगभर गेला तेव्हा इंग्रजी वाचकाच्या हाती काय होते? २००७ मध्ये ‘द लास्ट विश’ हा कथासंग्रह, २००८ मध्ये ‘ब्लड ऑफ एल्व्ह्ज’ ही पहिली कादंबरी. या दोहोंच्या मध्ये येणारा ‘स्वोर्ड ऑफ डेस्टिनी’ हा कथासंग्रह गाळला गेला. आणि गेराल्ट व सिरी या पोरीची पहिली भेट, ब्रोकिलॉनच्या अरण्यातली, नेमकी त्याच संग्रहात आहे. नियतीने पदरात घातलेल्या त्या पोरीला तो आधी टाळतो. युद्धात तिचे घर उद्ध्वस्त झाल्यावर दोघांची पुन्हा गाठ पडते. पुढच्या पाचही कादंबऱ्या या नात्यावर उभ्या आहेत. सभापर्व गाळून वाचकाच्या हाती एकदम वनपर्व द्यावे, तसा हा प्रकार. तो संग्रह इंग्रजीत रीतसर निघाला २०१५ मध्ये. दुसऱ्या कादंबरीलाही २०१३ साल उजाडले.

मधल्या काळात वाचकांनीच ही उणीव भरून काढली. एका माजी विद्यार्थ्याने आणून दिलेल्या अशा काही प्रती मी वाचल्या. कथानक चोख उतरले आहे, संवाद मात्र पडले आहेत. सापकोव्स्कीचे खरे बळ बोलण्यात आहे : बुटके, गावचे मुखिया, भाडोत्री शिपाई घासाघीस करतात, जुन्या वळणाच्या भाषेत मध्येच आजची कचेरीची भाषा डोकावते आणि हसू येते. हौशी इंग्रजीत सारे एकाच आवाजात बोलतात. या मंडळींना राजघराण्यांच्या वंशावळी पाठ. आपल्याच भाषेचे चढउतार मात्र हाती नाहीत. उमा कुलकर्णी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणताना विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर ऐकवीत आणि उमाताई तो लिहून काढीत. कन्नडची बाजू घरात दुसऱ्याने सांभाळली तरी निभले. मराठी मात्र त्यांच्या स्वतःच्या अंगात मुरलेली होती.

रीतसर अनुवादही निर्दोष नाहीत. गेराल्टच्या शाहीर मित्राचे नाव मुळात यास्क्येर, म्हणजे बटरकपचे पिवळे फूल. दानुस्या स्टॉक यांनी त्याला ‘डँडेलियन’ केले. बटरकप हे नाव इंग्रजीत बायकी वाटेल, असा विचार त्यामागे दिसतो. २०१९ च्या दूरचित्रवाणी मालिकेने मूळ नाव परत आणले.

पैशाचा प्रश्न उरतोच. खेळाचे हक्क लेखकाने एकरकमी विकले होते. २०१८ मध्ये त्याने कंपनीकडे ६ कोटी झ्वॉटींची मागणी केली आणि २०१९ मध्ये नवा करार झाला. ज्याला आपल्या मोबदल्यासाठी इतके झगडावे लागले, त्याची पुस्तके फुकट वाटणे शोभत नाही. पण बाजारात जे विकतच मिळत नव्हते, ते वाचकांपर्यंत पोचवणाऱ्यांना मी चोर म्हणणार नाही. २०१७ मध्ये पाचवी कादंबरीही इंग्रजीत आली. तेव्हापासून ती सबब संपली.

‘व्येजमिन’ हा मूळ शब्द चेटकीण या अर्थाच्या पोलिश शब्दाचे पुल्लिंगी रूप. मराठीत काय म्हणाल, असे दहावीच्या वर्गाला विचारले तर ‘चेटक्या’ असे उत्तर आले. मी ‘देवऋषी’ सुचवला : रात्री गरजेला बोलावतात, दिवसा ओसरीवर बसू देत नाहीत, दक्षिणा मात्र तो आधी ठरवून घेतो. एका मुलाने हरकत घेतली, सर, देवऋषीकडे तलवार कुठे असते?