मोजणी[7] म्हणजे नक्की काय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एक हौस हमखास येते. स्वतःचा क्लास लिहायचा आणि त्याला लिस्टसारखे चौकोनी कंस चालवायचे. मलाही आली होती.

काम साधं होतं. नाशिकच्या द्वारका चौकात, जिथे मुंबई-आग्रा महामार्गाला पुणे रस्ता मिळतो, तिथली वाहनं सकाळी 7 ते रात्री 9 मोजलेली. चौदा तास, चौदा ओळी. पायथनमध्ये क्लासला ‘गेटआयटम’ (मागे-पुढे दोन-दोन अंडरस्कोर) ही मेथड दिली, की मोजणी[7] लिहिल्यावर पायथन तीच मेथड बोलावतं आणि 7 तिच्या हातात देतं. त्या 7 चा अर्थ मात्र ते ठरवत नाही, तुम्ही ठरवता. मी ठरवलाच नव्हता, आकडा सरळ आतल्या लिस्टकडे ढकलला. त्यामुळे सकाळी 9 चे म्हणून जे आकडे आलेखात गेले, ते होते दुपारी 4 चे! मी 18 मागितले असते तर लगेच एरर आला असता. पण मला फक्त सकाळच हवी होती, म्हणून सगळं सुरळीत चाललं. चूक पकडली ती चौकात उभं राहून मोजणाऱ्या मुलाने. ‘सकाळी एवढी कमी गर्दी? शक्यच नाही,’ म्हणाला.

मग मी शहाणपणा करून 7 वजा केले. आता पहाटे 6 मागितले की आत -1 जातं, आणि लिस्ट निमूटपणे शेवटची ओळ देते, म्हणजे रात्री 8 ते 9 ची. पहिल्या चुकीपेक्षा ही वाईट, कारण आता आपण निर्धास्त असतो.

हा गोंधळ नवख्यांचाच असतो असं समजू नका. पांडासमधलं ‘आयएक्स’ आठवा. आकडा दिला की कधी लेबल, कधी क्रमांक. 2017 मध्ये ते वापरू नका असं जाहीर झालं, 2020 मध्ये आवृत्ती 1.0 मधून काढूनच टाकलं. ‘लोक’ आणि ‘आयलोक’ वेगळे ठेवले हे उत्तमच. तरी स्लाइसमध्ये ‘लोक’ शेवटचं टोक धरतं, ‘आयलोक’ सोडतं. आणि डेटाफ्रेमला नुसते कंस लावले तर नावाने कॉलम मिळतो, स्लाइसने ओळी. हे मला आजही पटत नाही.

माझं मत विचाराल तर कंस तिथेच द्या जिथे आकड्याचा एकच अर्थ निघतो. पायटॉर्चच्या डेटासेटमध्ये ते शोभतं, तिथे आकडा म्हणजे साधारण नमुन्याचा क्रमांक. द्वारकेच्या मोजणीत 7 ला दोन अर्थ आहेत, म्हणून तिथे मी आता मोजणी.तास(7) अशी सरळ मेथड ठेवली आहे. टाइप करायला चार अक्षरं जास्त लागतात, लागू देत.

तरीही कंसच हवे असतील तर मोजलेल्या वेळेबाहेरचा तास आला की कीएरर द्या. आणि ‘इटर’ मेथड वेगळी लिहा. ती नसली की फॉर लूप 0 पासून एकेक आकडा मागत सुटतो आणि इंडेक्सएरर आल्यावरच थांबतो. आपल्या चौकात 0 म्हणजे मध्यरात्र, आणि ती कुणी मोजलेलीच नाही.