ढगांवरचे सव्वीस

क्योटोच्या दक्षिणेला उजी म्हणून गाव आहे, हिरव्या चहासाठी नावाजलेले. मुलगा ओसाकाला नोकरीला. त्याच्याकडे गेले होते तेव्हा एका रविवारी त्याने तिथल्या ब्योदोइन या बौद्ध मंदिरात नेले. देऊळ, बाग आणि देवळाचेच संग्रहालय, असे तिन्ही पाहिले. (पर्समध्ये दशम्या आणि शेंगाचटणी. तिथल्या साध्या भाजीच्या रश्शातही मासळीचे पाणी असते.) बाग फार आवडली. संग्रहालयाशी मात्र माझे भांडण झाले, आणि हिंडलग्याला परत आल्यावर त्या भांडणाला भलतेच वळण लागले.

आधी बाग. फुलांचे ताटवे बघायला जाल तर फसाल. एक तळे, काठाला गोटे, पाइनची झाडे आणि पाण्यापलीकडे दोन्ही अंगांना पंख पसरून बसलेले लाकडी मंदिर. जपानच्या १० येनच्या नाण्यावर आहे तेच. मंदिराच्या जाळीला अमिताभ बुद्धांच्या मुखासमोर गोल झरोका ठेवलाय, म्हणजे अलीकडच्या काठावर उभे राहिले की तळ्यावरून दर्शन. मंदिर पूर्वाभिमुख, आपले तोंड पश्चिमेला. आणि अमिताभांची सुखावती पश्चिमेलाच. मला वाटले होते बाग देवळाच्या शोभेसाठी असेल. छे! ती बागच सभामंडप आहे, फक्त वर छप्पर नाही.

हे उभारले त्या काळात जपानी लोकांची समजूत होती की १०५२ पासून धर्माचा पडता काळ सुरू झाला. आपण पंचमकाळ म्हणतो तसेच. त्याच वर्षी फुजिवारा योरिमिची या सत्ताधीशाने वडिलांच्या वाड्याचे मंदिर केले आणि पुढच्या वर्षी, १०५३ ला, हा बुद्ध तिथे बसला. मूर्तिकार जोचो. एकाच ओंडक्यातून न कोरता लाकडाचे तुकडे जोडून घडवलेली मूर्ती. सांधा शोधून सापडत नाही.

बुद्धांभोवती भिंतींवर ५२ बोधिसत्त्व, प्रत्येक जण आपापल्या ढगावर. कुणी वाद्य वाजवतोय, कुणी नाचतोय, कुणी हात जोडलेले. त्यांतले २६ आता संग्रहालयात आहेत. छपरावरचे मूळ फिनिक्स पक्षीही तिथेच. छपरावर आता त्यांच्या प्रतिकृती. संग्रहालय २००१ चे, बरेचसे जमिनीखाली, बागेच्या नजरेला आड येऊ नये म्हणून. नवीन इमारतीने एवढी मर्यादा पाळलेली मी आपल्याकडे पाहिली नाही.

मग भांडण कशाचे? काळोखी दालन, नेमका उजेड. बोटे, वस्त्राच्या चुण्या, ढगाची शेपटी, सगळे हातभर अंतरावर. देवळात इतके दिसणार नाही हे खरे. पण मेळा मोडला. तिथे ते बुद्धांपुढे वाजवत होते, इथे तिकीट काढलेल्या आमच्यापुढे. आरतीतला टाळकरी उचलून काचेच्या कपाटाशेजारी उभा केला तर टाळ दिसेल, आरती कुठली? मी हात जोडले. मुलगा हळूच म्हणाला, ‘‘आई, म्युझियम आहे हे.’’ तेच तर म्हणणे होते माझे.

असे फणफणतच परत आले. मग एकदा किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेले. १२०४ सालची, रट्टांच्या राजवटीतली. भगवान नेमिनाथांचे पूजन तिथे आजही होते. पण तिथल्या जिनालयाला कुणी काय दान दिले ते सांगणारे जुने कन्नड शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. उजीचे २६ आपल्या जागेपासून चालत काही पावलांवर, देवळाच्याच राखणीत. आमचे दगड सात समुद्रांपलीकडे.

इंग्रजांना नावे ठेवणे सोपे. आमच्या ओळखीच्या एका बस्तीचा काही वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. दगडी खांबांना ऑइलपेंट, भिंतीला टाइल्स. खंडित मूर्ती उचलून मागच्या खोलीत. खंडित मूर्ती पूजेत नको, हे मान्य. पण पूजेत नको म्हणजे नजरेतही नको, असे कुठे सांगितलेय? महिला मंडळाला विचारले होते तेव्हा. मीही होते. ‘‘टाइल्स बऱ्या, पुसायला सोप्या,’’ हे वाक्य माझेच.

गेल्या महिन्यात किल्ली मागून घेतली. पंडितजींनी विचारले, ‘‘काय काम हो ताई?’’ बघते नुसती, म्हटले. सतरंज्यांच्या थप्पीमागे, पोत्याखाली एक पार्श्वनाथ, हातभर उंचीचे. फण्यातले तीन नाग फुटलेले. खोलीला दिवा नाही. मोबाइलच्या उजेडात मूर्तीचा चेहरा पाहिला आणि उजीतला तो नेमका, मंद उजेड आठवला, ज्याच्यावर मी एवढी चिडले होते. पोते काढले, घडी करून बाजूला ठेवले. पुढच्या बैठकीत दिव्याचा आणि एका लाकडी चौथऱ्याचा खर्च मांडणार आहे.