आडवा न होणारा बेलजार

श्वसनाचा धडा आला की टेबलावर बेलजार येतो. वाय आकाराची नळी, तिच्या दोन टोकांना दोन फुगे, खाली रबरी पडदा. पडदा ओढला की फुगे फुगतात, सोडला की आक्रसतात. मुले खूश, शिक्षकही खूश. या प्रतिकृतीवर आमचा राग नाही. दाबातील फरकामुळे हवा आत येते, ही एक गोष्ट ती उत्तम दाखवते. पण अनेक वर्गांत श्वसनाचे शिक्षण तिच्यापाशीच संपते आणि रुग्णालयात रोज घडणारी एक साधी घटनाही त्या ज्ञानातून उलगडत नाही, ही आमची तक्रार आहे.

घटना अशी. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते. भूल उतरेपर्यंत रुग्णाला शेजारच्या खोलीत ठेवतात. तो स्वतः श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर मात्र ९७ चे ९३ आणि ९३ चे ८९ होते. परिचारिका त्याची हनुवटी वर करते, मास्कमधून ऑक्सिजन सुरू करते आणि तो शुद्धीवर येत असेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू उचलते. आकडा चढू लागतो. ऑक्सिजन का दिला हे कोणीही सांगेल. पण पलंग कशासाठी उचलला? बेलजारकडे याचे उत्तर नाही, कारण बेलजार कधी आडवा होतच नाही.

शिवाय त्यातले फुगे दर वेळी जवळजवळ रिकामे होतात. आपली फुफ्फुसे तशी कधीच होत नाहीत. नेहमीच्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत-बाहेर करते, पण श्वास सोडून झाल्यावरही उभ्या प्रौढ माणसाच्या फुफ्फुसांत अडीच ते तीन लिटर हवा शिल्लक राहते. ही शिल्लक म्हणजे अडगळ नव्हे, कोठार आहे. तिच्यामुळे वायुकोश मिटत नाहीत, आणि दोन श्वासांच्या मधल्या वेळात रक्ताला ऑक्सिजन मिळतो तो तिच्यातूनच. माणूस उताणा झाला की पोटातले अवयव श्वासपटलाला छातीकडे ढकलतात आणि शिल्लक अर्धा ते एक लिटरने घटते. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात व ती आणखी सुमारे अर्ध्या लिटरने कमी होते.

हिशेब फळ्यावर मांडता येईल. वायुकोशांतील हवेत ऑक्सिजन सुमारे १४ टक्के असतो. म्हणजे तीन लिटरमध्ये ४२० मिलिलिटर, दीड लिटरमध्ये २१०. विश्रांतीतही शरीर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. श्वास अडला, तर आडव्या रुग्णाचे कोठार कागदावरसुद्धा एक मिनिट पुरत नाही. भूल देण्याआधी काही मिनिटे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतात, तो हे कोठार भरून ठेवण्यासाठीच.

पण अडचण नुसत्या साठ्याची नाही. शिल्लक घटली की फुफ्फुसाच्या खालच्या भागातले वायुकोश मिटतात. उताण्या माणसात हा भाग पाठीकडचा असतो. १९६३ साली बेन्डिक्सन व सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या रुग्णांच्या रक्तावरून हा तर्क मांडला. १९८५ मध्ये स्वीडनमधील ब्रिस्मार, हेडेनस्टिएर्ना आणि सहकाऱ्यांनी सीटी स्कॅनवर हे मिटलेले भाग प्रत्यक्ष दाखवले. गुरुत्वाकर्षणामुळे रक्तही याच भागात अधिक जाते आणि हवेची भेट न होताच पुढे निघून जाते. समजा, एक पंचमांश रक्त असे ७५ टक्के संपृक्ततेनेच परतले आणि उरलेले ९८ टक्क्यांनी. सरासरी येते ९३.४. आता उघड्या वायुकोशांना शुद्ध ऑक्सिजन दिला तरी तिथले रक्त ९८ वरून फार तर १०० वर जाईल. सरासरी ९५ च्या आसपास. निम्मी बाकं रिकामी राहिली म्हणून एका बाकावर दहा मुले बसत नाहीत, तसेच हिमोग्लोबिनचे आहे. म्हणून मिटलेले वायुकोश उघडावे लागतात. रुग्णाला अर्धवट बसवणे, दीर्घ श्वास घ्यायला लावणे, खोकायला सांगणे या सगळ्याचा उद्देश तोच.

मग सर्वांनाच बसवावे का? मुळीच नाही. पुरती शुद्ध आली नसेल तर जीभ मागे पडून वाट अडते आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. अशा रुग्णाला कुशीवर ठेवणे बरे. रक्तदाब घसरला असेल तर डोके उंच करणे घातक ठरू शकते. नातेवाईक प्रेमाने डोक्याखाली जाड उशी सरकवतात, त्याने हनुवटी छातीला टेकते आणि उघडी वाटही बंद होते. पलंग उचलणे वेगळे आणि उशी देणे वेगळे.

लोकप्रिय लेखनावरही आमचा आक्षेप आहे. कोविडच्या काळात ९४ हा आकडा घरोघरी पाठ झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पालथे झोपण्याच्या सूचनाही काढल्या. पालथे का, हे मात्र फारच थोड्या ठिकाणी समजावून सांगितले गेले. आकडा हाच प्राण समजणे धोक्याचे आहे. ऑक्सिजन सुरू असताना रुग्णाचा श्वास फार मंदावला, कार्बन डायऑक्साइड साचू लागला, तरी बोटावरचे यंत्र बराच वेळ ९७ दाखवत राहते. म्हणून जाणती परिचारिका आकड्याबरोबर श्वासही मोजते.

बेलजार कपाटात ठेवण्यापूर्वी आणखी एक प्रयोग करावा. दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीवर खुणा करून ती पाण्याने भरा, बादलीत उपडी धरा, तोंडात रबरी नळीचे टोक सोडा. खुर्चीवर बसलेल्या विद्यार्थ्याने नेहमीसारखा श्वास सोडावा, मग नाक चिमटून उरलेली हवा नळीतून शक्य तितकी बाहेर फुंकावी. किती पाणी खाली उतरले ते लिहून ठेवा. आता त्यालाच बाकावर उताणे झोपवून तेच करा, आणि तिसऱ्या वेळी बाकाची डोक्याकडची बाजू विटांवर उचलून. नळी पाण्यात तितकीच खोल असावी, दर विद्यार्थ्याला नळीचे तोंड नवे द्यावे, दमा असलेल्यांना घेऊ नये. आडव्या वाचनात पाणी कमी उतरेल. तिसरे वाचन कुठे पडते ते वर्गाला आधी सांगू नका.