नोराच्या घरातली दाई

स्कँडिनेव्हियातील विवाह, लैंगिक नीती आणि कायदा यांच्याविषयी आपल्याकडे जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा ते लिखाण बहुधा एका दारापाशी येऊन थांबते. हेन्रिक इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाऊस’ या नाटकाच्या शेवटी नोरा ज्या दारातून बाहेर पडते, ते हे दार. १८७९ च्या डिसेंबरात कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात हे नाटक प्रथम झाले आणि तेव्हापासून त्या दाराचा आवाज जगभर ऐकू येतो आहे. तो आवाज खोटा होता असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न दुसरा आहे. नोरा निघून गेली तेव्हा तिची तीन मुले कोणाच्या हाती होती?

ती दाईच्या हाती होती. तिचे नाव आन-मारी. नाटकात तिच्या वाट्याला मोजकीच वाक्ये आली आहेत. दुसऱ्या अंकात नोरा तिला विचारते की, स्वतःचे मूल परक्यांच्या हवाली करायला तुझे मन कसे झाले? दाई सांगते की छोट्या नोराला सांभाळायचे तर तसे करणे भागच होते. गरीब मुलगी फसली, पुरुषाने हात वर केले, मग मिळाली ती नोकरी नशिबाची म्हणायची. तिची मुलगी कुठेतरी वाढली. तिने आईला दोनदा पत्र पाठवले, धर्मदीक्षेच्या वेळी एकदा आणि लग्नाच्या वेळी एकदा. बस्स, एवढेच.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. नोराने मुले सोडली म्हणून युरोपात केवढा गदारोळ झाला! जर्मनीत तर शेवट बदलण्याची मागणी झाली. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून इब्सेनने १८८० साली नाइलाजाने पर्यायी शेवट लिहून दिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि घरातच राहते. म्हणजे एका बाईने तीन मुले सोडणे रंगभूमीला सोसवेना. पण त्याच घरातल्या दुसऱ्या बाईने आपले एकुलते मूल पडदा वर जाण्याच्या कितीतरी आधी सोडले होते. त्याबद्दल पर्यायी शेवट कोणी मागितला नाही. नोराचे मूल सोडणे हा विद्रोह ठरला, आन-मारीचे मूल सोडणे ही नोकरीची अट होती. एकीला निवड होती, दुसरीला नव्हती. आणि पहिलीला ती निवड करता आली याचे एक कारण असे की दुसरी घरात होती.

मी इब्सेनवर दोषारोप करीत नाही. त्याने ही वाक्ये लिहिली म्हणून तर मला ती वाचता आली. दोष वाचणाऱ्यांचा आहे. ज्यांच्या घरी दाई असते, त्यांना नाटकातली दाई दिसत नाही.

ही गोष्ट केवळ एका नाटकाची नाही. स्कँडिनेव्हियाच्या कायद्याचा इतिहास वाचताना हेच दुहेरी दार पदोपदी आढळते. आइसलँडच्या सागांमधल्या स्वतंत्र स्त्रियांचे कौतुक अनेकांनी केले आहे. ‘लक्सडेला सागा’तील गुड्रुन नवऱ्याला खोल गळ्याचा सदरा शिवून घालायला लावते आणि त्याच कारणावरून त्याच्याशी काडीमोड घेते. साक्षीदारांसमोर जाहीर करून विवाह मोडता येणे ही मध्ययुगीन युरोपात लहान गोष्ट नव्हती. परंतु त्याच सागात मेल्कोर्काही आहे. ती आयर्लंडच्या राजाची मुलगी, गुलाम म्हणून विकायला आणलेली. बाजारात बारा बायका रांगेने बसलेल्या. हॉस्कुल्ड तिला तीन मार्क चांदी मोजून घेतो, साध्या दासीच्या तिप्पट किंमत देऊन. त्याच रात्री तो तिच्याबरोबर झोपतो. तिची संमती विचारण्याचा प्रश्न कायद्यातही नव्हता आणि कथेतही नाही.

मेल्कोर्का बोलत नाही. सगळे तिला मुकी समजतात. मूल दोन वर्षांचे झाल्यावर हॉस्कुल्ड तिला एकदा चोरून पाहतो, तेव्हा ती आपल्या मुलाशी आपल्या भाषेत बोलत असते. विकत घेणाऱ्याशी न बोलणे हाच तिच्या हातातला एकमेव नकार होता. सागा वाचणारे गुड्रुनच्या तेजस्वी बोलण्यावर लुब्ध होतात. मला मात्र या स्त्रीचे मौन अधिक विद्रोही वाटते.

पुढे तिचा मुलगा ओलाफ मोठा होतो, कीर्ती मिळवतो. पण तो दासीपुत्र. बाप मरणपंथाला लागतो तेव्हा औरस मुले त्याला बरोबरीचा वाटा देऊ देत नाहीत. औरसांच्या संमतीशिवाय बारा औंसांपर्यंतच देण्याची कायद्याची मर्यादा. मुलांना वाटते बाप चांदी देईल. बाप सोने देतो. साऱ्या सागात ही युक्ती गमतीने सांगितली आहे. पण गमतीच्या तळाशी कायदा स्पष्ट दिसतो. बापाच्या प्रेमाला जेथे पळवाट शोधावी लागते, तेथे मुलाला हक्क नसतो.

पुढे ख्रिस्ती राजसत्ता घट्ट झाली, धर्मसुधारणा झाली आणि बिछान्यावरचा पहारा अधिकच कडक झाला. आइसलँडमध्ये १५६४ साली ‘स्तोरिदोमुर’ म्हणजे महानिवाडा संमत झाला. व्यभिचार आणि निषिद्ध नात्यांतील संबंध यांना देहदंडापर्यंत शिक्षा आल्या. पुरुषाचा शिरच्छेद, स्त्रीला बुडवून मारणे. थिंगवेत्लिर येथे ज्या डोहात स्त्रियांना बुडवले, त्याला आजही बुडवण्याचा डोह असेच म्हणतात. तेथे मारल्या गेलेल्या अठरा स्त्रियांची नोंद आहे. नॉर्वेच्या १६८७ च्या कायद्यात नवजात मूल मारणाऱ्या कुमारी मातेचे शिर तोडून खांबावर लावण्याची शिक्षा होती. चोरून बाळंत झाली आणि मूल नाहीसे झाले, तर तिने ते मारले असेच धरले जाई. मूल चोरून जन्माला घालण्याची पाळी कोणावर येत असे? जिला आडोसा नाही, वेगळी खोली नाही आणि पोट दिसले की ज्या घरातून हाकलले जाईल त्याच घरात जी राबते, तिच्यावर. कायद्याने मोलकरीण हा शब्द लिहिला नव्हता. लिहिण्याची गरज नव्हती.

आइलर्ट सुंट या धर्मोपदेशकाने १८५७ साली नॉर्वेतील नीतिस्थितीवर ग्रंथ लिहिला. त्याने गावोगाव हिंडून, आकडे गोळा करून दाखवले की विवाहबाह्य जन्मांचा प्रश्न भूमिहीन कुळे आणि गडी-मोलकरणी यांच्या जगण्याशी बांधलेला आहे. त्यांच्या झोपण्याच्या जागा गोठ्यात आणि माळ्यावर होत्या. ज्यांना दार नाही त्यांच्या नीतीचा हिशेब दारे असलेल्यांच्या मापाने होत होता.

आता पुन्हा इब्सेनकडे येऊ. त्याच्या ‘घोस्ट्स’ (१८८१) मध्ये रेगीने ही मोलकरीण कॅप्टन आल्विंगची मुलगी आहे, पण हे तिला माहीत नाही. तिच्या आईला पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधलेले आहे. सत्य कळते तेव्हा ती रडत बसत नाही. आपल्याला घरंदाज माणसाची मुलगी म्हणून वाढवायला हवे होते, असे ती मालकिणीला तोंडावर सांगते. समीक्षक तिला स्वार्थी, उथळ म्हणत आले. मला तिच्या बोलण्यात वारसाहक्काची मागणी ऐकू येते. शेवटी तिचा नावापुरता बाप खलाशांसाठी जे घर काढणार आहे, त्याचे नाव ‘कॅप्टन आल्विंगचे घर’ ठरते आणि तिची पावले तिकडे वळतात. बापाचे नाव मुलीला मिळाले नाही, ते बदनाम खानावळीच्या पाटीला मिळाले. कायद्यावर याहून कठोर टीका मला माहीत नाही.

ही टीका पुस्तकातून कायद्यात उतरायला चौतीस वर्षे लागली. योहान कास्टबर्ग या मंत्र्याच्या नावाने ओळखले जाणारे मुलांविषयीचे कायदे नॉर्वेत १९१५ साली झाले. विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाला बापाचे नाव आणि वारसा मिळाला. काट्टी आंकर म्योलर या कार्यकर्तीने त्यासाठी वर्षानुवर्षे रान उठवले होते. विरोधही झाला. त्याने कुटुंब मोडेल, असे सांगितले गेले. कोणाचे कुटुंब? आन-मारीचे तर आधीच मोडलेले होते. डेन्मार्कमध्ये हाच वारसा १९३७ च्या कायद्याने आला. स्वीडनमध्ये तो १९७० पर्यंत आला नाही. उलट, विवाहित स्त्रीला कायद्याने सज्ञान मानण्याची गोष्ट नॉर्वेत १८८८ सालीच झाली होती. १८८४ मध्ये इब्सेन आणि ब्यर्नसन यांनी विवाहित स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेच्या मागणीवर सह्या केल्या होत्या. नोराचा कायदा आणि आन-मारीच्या मुलीचा कायदा यांत सत्तावीस वर्षांचे अंतर आहे. हे अंतर समीक्षेने मोजले पाहिजे.

आणखी एक पुस्तक या संदर्भात महत्त्वाचे आहे. चित्रकार ख्रिस्तियान क्रोग याची ‘अल्बर्टिने’ ही कादंबरी १८८६ च्या डिसेंबरात निघाली आणि दुसऱ्याच दिवशी जप्त झाली. शिवणकाम करणारी गरीब मुलगी. एक पोलीस अधिकारी तिला दारू पाजून भोगतो. पुढे त्याच पोलीस खात्याकडून तिला वेश्यांच्या तपासणीला बोलावणे येते आणि डॉक्टरच्या खोलीतून ती बाहेर पडते ती वेश्या होऊनच. सरकार वेश्याव्यवसायाला पापही म्हणत होते आणि त्याची नोंदवहीही ठेवत होते. नोराला राजाच्या थिएटरात टाळ्या मिळाल्या, अल्बर्टिनेला पोलिसांनी उचलून नेले. सभ्य घरातली स्त्री बंड करते ते नाटक, रस्त्यावरची स्त्री खरे सांगते ते अश्लील!

याचा आपल्या मराठीशी थेट संबंध आहे. मराठीतील नव्या रंगभूमीचा आरंभ ज्या ‘आंधळ्यांची शाळा’ने (१९३३) झाला असे मानतात, ते श्री. वि. वर्तकांचे नाटक ब्यर्नसनच्या ‘अ गाँटलेट’वर (१८८३) आधारलेले आहे. स्त्रीकडून जे पावित्र्य मागता ते पुरुषानेही द्यावे, ही त्या नॉर्वेजियन नाटकाची मागणी. मागणी रास्तच आहे. पण नायकाचा ज्या स्त्रीशी पूर्वसंबंध होता ती मूळ नाटकात मेलेली आहे, रंगमंचावर येतच नाही. तिचे मत कोणी विचारीत नाही. वाग्दत्त वधूचा हातमोजा वराच्या तोंडावर बसतो आणि प्रश्न दोन सुखवस्तू घरांत मिटवला जातो. आपल्या अभिजनांनी नॉर्वेकडून नोरा घेतली, हातमोजा घेतला. मराठी नाट्यसमीक्षेचे जे जे माझ्या वाचनात आले, त्यात आन-मारी आणि अल्बर्टिने यांना जागा मिळालेली मला दिसली नाही. ही निवड निरागस नसते. माणूस परदेशातूनही आपल्या घराच्या मापाचेच आणतो.

कोणी म्हणेल, पुढे तर त्या देशांनी सारे प्रश्न सोडवले. विवाह हा दोन समान व्यक्तींचा करार मानणारे कायदे स्वीडनने १९२० साली, डेन्मार्कने १९२५ साली आणि नॉर्वेने १९२७ साली अमलात आणले. डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची नोंदणी जगात प्रथम सुरू केली. हे मोठे काम आहे, त्याला मी हिणवत नाही. पण हिशेब पुरा मांडला पाहिजे. त्याच डेन्मार्कने १९२९ साली आणि स्वीडन व नॉर्वे यांनी १९३४ साली निर्बीजीकरणाचे कायदे केले. स्वीडनमध्ये १९७५ पर्यंत सुमारे ६३,००० निर्बीजीकरणे झाली आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. सगळीच जबरदस्तीची नव्हती. पण गरीब, ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या, ‘अनैतिक’ म्हटलेल्या स्त्रियांवर आणि भटक्या समाजातील माणसांवर दडपण येत होते. नॉर्वेत भटक्यांची मुले काढून घेतली जात, कुटुंबांना स्वानविकेनच्या श्रमवसाहतीत ठेवले जाई. ती वसाहत १९०८ पासून १९८९ पर्यंत चालू होती. म्हणजे ज्या वर्षी एका देशाने प्रेमाला नवे दार उघडले, त्याच वर्षापर्यंत शेजारच्या देशात हे दार बंद होते. बरोबरीच्या विवाहाचा कायदा आणि कोणाच्या पोटी मूल जन्मावे हे ठरवणारा कायदा एकाच दशकांत, एकाच सुधारणेच्या भाषेत लिहिला गेला.

म्हणून या इतिहासाची कसोटी मी नोराच्या दारावर लावू इच्छीत नाही. विवाहाचा कोणताही कायदा, लैंगिक मुक्तीचे कोणतेही साहित्य पुढे आले की एक साधा प्रश्न विचारावा: या घरात राबणारी कोण आहे, आणि तिचे मूल कुठे आहे? मेल्कोर्काच्या मुलाला सोने पळवाटेने मिळाले. रेगीनेला तेही मिळाले नाही. आन-मारीच्या मुलीची दोन पत्रे आली, त्यांत काय होते ते नाटकात नाही. ती पत्रे कोणीतरी लिहायची राहिली आहेत. ज्यांच्या आया दुसऱ्यांची मुले वाढवीत आल्या, त्यांनीच ती लिहावीत.