उंबरठ्यावरील आज्ञापालन : सिमोन वेल यांचा स्वातंत्र्यविचार

सिमोन वेल (1909–1943) यांनी चर्चच्या उंबरठ्यापर्यंत येऊनही बाप्तिस्मा पुढे ढकलला. यावरून त्यांना बंधमुक्त धर्मचिंतकांत बसविण्याची रीत पडली आहे. ही रीत वरवरची होय. मार्सेय येथील डोमिनिकन धर्मगुरू पेर्रँ यांना मे 1942 मध्ये लिहिलेले त्यांचे आत्मनिवेदनपर पत्र (ते 1950 साली निघालेल्या ‘ईश्वराची प्रतीक्षा’ अशा अर्थाच्या नावाच्या संग्रहात आहे) वाचणाऱ्यास निराळेच दिसते. ख्रिस्त आपणांस भेटला याविषयी त्यांना शंका नाही. तरीही तूर्त बाहेर राहणे हीच ईश्वराची इच्छा, असे त्या सांगतात. हवे ते निवडण्याची मोकळीक म्हणजे स्वातंत्र्य, हे त्यांना मान्यच नाही. कृपेला संमती देणे एवढेच मनुष्याच्या हाती, आणि ती संमती अवधानातून येते : काहीही न बळकावता, मन रिते करून वाट पाहण्यातून. शाळकरी मुलाचे न सुटलेले भूमितीचे उदाहरणही या दृष्टीने प्रार्थनेची तयारी ठरते! आमच्या विद्यार्थ्यांनी हा निबंध तरी परीक्षेपूर्वी वाचावा.

त्यांचा मुख्य आक्षेप ‘शापभ्रष्ट असो’ या निर्णयवाक्याला आहे. सिद्धांताचे रक्षण करण्याचा चर्चचा अधिकार त्या नाकारीत नाहीत. बुद्धीवर बळजोरी करण्याचा अधिकार नाकारतात. समूहाच्या उन्मादाने युरोप जळत असताना हे लिहिले गेले. याला उत्तर न देता त्यांच्या प्रकृतीची व हट्टाची चर्चा करणारे टीकाकार चर्चचीच बाजू दुबळी करतात.

परंतु एक अडचण उरते. जे आज्ञापालन कोणत्याही मंडळीच्या स्वाधीन होत नाही, त्याची पारख कोणी करावी? येथे पंडिता रमाबाईंची आठवण अपरिहार्य आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगोलग सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्रैक्याच्या सिद्धांतापासून पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही येथपर्यंत पत्रांतून वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, ही त्यांची भूमिका. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केलेला तो पत्रव्यवहार वेल यांच्या पत्रांशेजारी ठेवून वाचावा. रमाबाईंचा सद्सद्विवेक आत राहून उत्तरे मागतो, आणि त्यालाही उत्तरे द्यावी लागतात. विरोधाने तो घासला जातो. वेल यांनी मात्र निरोपाच्या पत्रात पेर्रँ यांनाच सुनावले, की चर्च तुम्हांला ऐहिक मायदेशासारखे प्रिय झाले आहे. टीका मर्मभेदी आहे. पण बाहेर राहण्याचीही तशीच आसक्ती जडते काय, या प्रश्नाचा पुरता विचार या संग्रहात मला आढळला नाही.